पुलाखालचे बारा सेंटिमीटर

बोट रिकामी झाली आणि दहाच मिनिटांत शूर्डच्या लक्षात आलं, की ती आता कालव्यातून बाहेर निघणार नाही.

त्याने फोन केला तेव्हा योरीन वखारीच्या कचेरीत खिडकीची काच पुसत होती. खिडकी स्वच्छ होती, पण दुपारी चारला नगरपालिकेचे निरीक्षक यायचे होते आणि हातांना काहीतरी काम हवं होतं. बाहेर फाटकावर पाटी होती : ‘हेसेलिंक आणि कन्या, बांधकामाचं साहित्य’. त्यातली कन्या म्हणजे योरीन. हेसेलिंक फेब्रुवारीत गेले होते.

“एक गंमत झालीय,” शूर्ड म्हणाला.

योरीनने फडकं खाली ठेवलं. शूर्डने तीस वर्षं वखारीचा ट्रक चालवला होता. तेवढ्या काळात ‘गंमत’ हा शब्द त्याने दोनदा वापरला होता, आणि दोन्ही वेळा क्रेन मागवावी लागली होती.

“सकाळी मी पुलाखालून आत गेलो. बरोबर?”

“बरोबर.”

“तेव्हा बोटीवर सहा टन विटा होत्या.”

“हो. मग?”

“आता नाहीत.”

पलीकडे ताक पिण्याचा आवाज आला. शूर्ड जेवत होता.

“म्हणजे बोट वर आली,” ती हळूच म्हणाली.

“सतरा सेंटिमीटर. जाताना डोक्यावर पाच मोकळे होते. आता बारा कमी पडतात. मी दोनदा मोजलं, पोरी. तिसऱ्यांदाही मोजतो, पण त्याने पूल वर जाणार नाही.”

एक जानेवारीपासून जुन्या गावात डिझेलच्या ट्रकांना बंदी होणार होती. वखारीची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं जुन्या गावातली, कालव्यांच्या काठची. वडिलांनी गेल्या शरदात जाहीर केलं, “बंदी रस्त्यावर आहे, पाण्यावर नाही,” आणि बॅटरीवर चालणारी, सपाट पोटाची बोट बनवायला टाकली. मागच्या बाजूला छोटी केबिन, केबिनच्या छपरावर सौर पट्ट्या, पुढे हातभर क्रेन. बोट तयार होण्याआधी ते गेले. अंत्यविधीनंतर कॉफी आणि केकचा तुकडा देतात त्या वेळी तीन कंत्राटदारांनी सांत्वनाच्याच आवाजात योरीनला विचारलं होतं, की ती ऑर्डर रद्द होते का. योरीनने तिघांना आणखी केक वाढला होता.

आज बोटीची पहिली फेरी होती. चार वाजता निरीक्षक बोट परत येऊन चार्जरला लागलेली पाहणार आणि कालव्यातून माल न्यायची परवानगी द्यायची की नाही ते ठरवणार. ती मिळाली नाही तर जानेवारीत जुनं गाव हातचं जाणार होतं, आणि बोट म्हणजे वडिलांचा शेवटचा वेडेपणा, हे सगळ्यांना मोकळेपणाने म्हणता येणार होतं.

तिने खणातून वडिलांची वही काढली. पूल त्यांनी स्वतः मोजला होता, कुणाच्या तरी होडीत उभं राहून, खिशातल्या घडीच्या लाकडी पट्टीने. वहीत लिहिलं होतं, ‘लिंडे पूल. सहा टन भरून. पाच सेंमी मोकळे. झकास.’ तिने पान उलटलं. पुढच्या पानावर गवत कापायच्या यंत्राचा पट्टा आणायची आठवण होती. जन्मभर ट्रकने माल पोचवलेला माणूस. ट्रक जसा जातो तसाच येतो.

“मार्गा, मी लिंडे कालव्यावर जातेय,” ती म्हणाली.

“निरीक्षक आले तर?” हिशेब, फोन आणि कॉफी हे सगळं सांभाळणाऱ्या मार्गाने विचारलं.

“खिडकी दाखव.”

सायकलवरून ती काठावर पोचली तेव्हा साडेबारा वाजले होते. बोट पाण्यावर ऐटीत, उंच उभी होती. शूर्ड तिच्यावर बसून चीज लावलेला पाव खात होता. ज्या घरी विटा उतरवल्या त्या अडतीस नंबरच्या दारात गवंडी वाउटर पायरीवर बसून तेच करत होता.

“दुसऱ्या टोकाने?” योरीनने विचारलं.

“दुसऱ्या टोकाला कालवा रस्त्याखालच्या नळात जातो. बोट नळातून न्यायची असेल तर मला आधी कल्पना दे.”

“केबिनवरच्या सौर पट्ट्या काढल्या तर?”

“चौदा सेंटिमीटर मिळतात. विचारलं मी. कंपनीचा माणूसच काढू शकतो, नाहीतर हमी जाते. तो अकरा दिवसांनी येईल. सकाळी आठ ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान.”

“बोटीत पाणी भरू या.”

“बॅटरी तळाशीच आहे. भिजेल.”

योरीन वाउटरकडे वळली. तिने तोंड उघडायच्या आत त्याने हात वर केला.

“नाही.”

“मी अजून काही म्हटलं नाही.”

“तीन हजार विटा, योरीन. तीन हजार! या घराच्या बोळातून मागच्या अंगणात नेल्या. बोळ एवढा अरुंद आहे की श्वास सोडून चालावं लागतं. त्यातली एकही वीट परत बाहेर येणार नाही. आलीच तर भिंत होऊन येईल.”

मार्गाचा फोन आला. तिने आपणहून कालव्यांच्या पाण्याची पातळी सांभाळणाऱ्या मंडळाला विचारलं होतं, की लिंडे कालव्याचं पाणी बारा सेंटिमीटर उतरवता येईल का.

“काय म्हणाले?”

“आनंदाने, म्हणाले. अर्ज केल्यापासून सहा आठवड्यांनी. आणि कालव्यातल्या राहत्या बोटींमधल्या सगळ्यांची संमती लागेल, कारण पाणी उतरलं की बोट कलते आणि त्यांच्या टेबलावरची बशी घसरते.”

योरीन पायरीवर वाउटरच्या शेजारी बसली. त्याने न विचारता अर्धा पाव तिच्या हातात दिला.

समोरच्या एकेचाळीस नंबरच्या खिडकीत एक म्हाताऱ्या बाई मघापासून बसल्या होत्या. इथल्या खिडक्यांना पडदे असतात, पण ते ओढण्यासाठी नसतात. त्यामुळे आत बसलेल्या माणसाला बाहेरचं सगळं बघायचा हक्क मिळतो. रोलोफ्सबाई तो हक्क सकाळपासून बजावत होत्या. आता त्या काठी टेकत बाहेर आल्या.

“किती वजन हवंय?”

“चार टन तरी,” शूर्ड म्हणाला. “पण बाई, तुम्ही कुठं—”

“माझ्या मागच्या अंगणात अख्खं न्हाणीघर पडलंय. फरश्या, बेसिन, भिंतीचा निम्मा भाग. नवऱ्याने फोडलं आणि दुसऱ्या आठवड्यात गेला. सतरा वर्षं झाली.”

“आणि तेव्हापासून तसंच?”

“राडारोड्याचा डबा दारात ठेवायचा तर परवाना लागतो, आणि तो ठेवला की पलीकडच्यांची मोटार निघत नाही. मग पलीकडचे बोलत नाहीत. मी म्हटलं, न्हाणीघर परवडलं.” त्यांनी फोन काढला. “या गल्लीत असं प्रत्येकाकडे काहीतरी आहे. थांब, गटावर टाकते.”

त्यांनी एका बोटाने, शब्द मोठ्याने म्हणत लिहिलं : “बोटीला वजन हवंय. जड असेल ते आणा. आत्ता.”

पाच मिनिटं काही झालं नाही. मग सदतीस नंबरमधून दोघं जण पोत्यात फुटक्या फरश्या घेऊन आले. पंचेचाळिसातून बाथटब आला, बिडाचा, चौघांच्या खांद्यावर. कोणी अंगणातल्या दगडी लाद्या आणल्या, कोणी चुलीच्या वरची संगमरवरी कड. एक गृहस्थ काँक्रीटचं बदक घेऊन आले आणि बायको दिसेपर्यंत मान वळवून उभे राहिले. ती घरात गेल्यावर त्यांनी ते बोटीवर ठेवलं. रोलोफ्सबाईंनी आपला न्हाणीघरातला वजनकाटा काठावर मांडला. प्रत्येकाने आधी सामान घेऊन, मग सामानाशिवाय त्यावर उभं राहायचं, आणि वजाबाकी शूर्डने फळीवर खडूने लिहायची.

“सामानाशिवाय कशाला?” पंचेचाळिसातल्या बाईंनी विचारलं. “मी आकडा सांगते की.”

“काटा सांगेल,” रोलोफ्सबाई म्हणाल्या. सगळी गल्ली वाकून बघत होती.

सव्वादोनला योरीनने पट्टी लावली. केबिन आणि पूल यांच्यात तीन सेंटिमीटर मोकळे होते.

“पुरे!” ती ओरडली. “झालं! धन्यवाद!”

पण तेव्हा जिन्यांवर अजून वीस-पंचवीस माणसं होती. लिंडे कालव्यावरचे जिने शिडीसारखे उभे. चौथ्या मजल्यावरून बेसिन उराशी धरून, पाठमोरं, पायाने पायरी चाचपत खाली आलेल्या माणसाला ‘पुरे’ म्हणणं सोपं नसतं.

“मी हे परत वर नेणार नाही,” असा एक माणूस म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून शूर्डने निमूट बेसिन घेतलं. मग दुसऱ्याचं न घेणं अन्याय झाला असता. मग तिसऱ्याचंही.

तीन वाजता शूर्डने मोटर चालू केली. काठावर टाळ्या झाल्या. बोट जडपणे, शांत सरकत पुलाखाली शिरली, छत सहज आत गेलं, आणि मग खालून खर्रर्र असा लांबलचक आवाज आला. बोट थांबली.

“सायकली,” शूर्ड म्हणाला.

सगळ्यांना कळलं. पुलावरून कालव्यात सायकली पडतात. काही आपोआप पडतात. त्या तळाशी एकमेकींत अडकून ढीग होतो, आणि सहा टनांची बोट त्यावरून जाते. नऊ टनांची जात नाही.

“वर पूल, खाली सायकली,” वाउटर म्हणाला. “सँडविच झालं.”

“थोडं सामान उतरवावं लागेल,” योरीन म्हणाली. “साधारण टनभर.”

“कोणाचं?” कोणीतरी विचारलं.

आणि सभा भरली.

ती कोणी बोलावली नाही. या गावात चार माणसांचा एक प्रश्न झाला की खुर्च्या आपोआप बाहेर येतात. दहा मिनिटांत काठावर गोल करून वीस माणसं बसली, कॉफीचे पेले फिरले, डब्यातून प्रत्येकी एक बिस्किट मिळालं आणि डबा बंद झाला. अध्यक्ष रोलोफ्सबाई. सदतीस नंबरवाला टिपणं घेऊ लागला.

“विषय पहिला,” बाई म्हणाल्या. “कोणाचं सामान उतरवायचं. प्रत्येकाला बोलायला मिळेल.”

“पण चार वाजता—” योरीन म्हणाली.

“तुलाही मिळेल, बाळा. तू सातवी.”

पंचेचाळिसातल्या बाई म्हणाल्या, की सगळ्यात शेवटी आलं ते आधी उतरवावं. बेसिनवाला म्हणाला, की तो चौथ्या मजल्यावर राहतो, तेव्हा त्याला उशीर होणारच. तळमजल्यावरच्यांना हा मुद्दा कळणार नाही. तळमजल्यावरचे दुखावले. एकाने सुचवलं, की वजनाच्या प्रमाणात उतरवावं. त्यावर बाथटबवाले म्हणाले, की टबाचे तुकडे करायचे असतील तर त्यांची हरकत नाही, करून दाखवा.

योरीन पुलाच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. साडेतीन झाले होते. शेजारी सायकलवरून एक उंच गृहस्थ उतरले. अंगात पावसाळी कोट, मागे चामडी पिशवी.

“इथं काय चाललंय?”

“सभा,” योरीन म्हणाली.

“असं होय,” ते म्हणाले. त्यांना आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. मग त्यांची नजर खाली गेली, पुलाखालून अर्धवट बाहेर आलेल्या बोटीवर, त्यावरच्या बाथटबवर आणि बदकावर. “ही हेसेलिंक यांची बोट का?”

“हो.”

“मी स्लोटबोम. नगरपालिकेकडून. मला चार वाजता तुमच्या वखारीत यायचं आहे.”

“मलाही,” योरीन म्हणाली.

स्लोटबोमसाहेबांनी घड्याळ बघितलं. मग पुन्हा बोटीकडे. “आणि ही अशी का उभी आहे?”

योरीनने सांगितलं. सगळं, क्रमाने, काही न लपवता : विटा, सतरा सेंटिमीटर, न्हाणीघर, सायकली. ती वहीबद्दल बोलली नाही. साहेबांनी ऐकून घेतलं, एकदाही मान हलवली नाही, आणि शेवटी पिशवीतून एक कागद काढून त्यावर काहीतरी लिहिलं. ते वाचायला योरीनने मान थोडी तिरकी केली. त्यांनी कागद थोडा तिरका केला.

काठावर ठराव झाला. कोणाचंच सामान पूर्ण उतरवायचं नाही; प्रत्येकाने एक पोतं परत घ्यायचं. सगळेच थोडे नाराज होते, म्हणजे ठराव चांगला झाला होता. पोती उतरली, सगळी केबिनजवळची, कारण तीच शेवटी ठेवली होती. खाली पुन्हा खर्रर्र झालं, आणि बोट सायकलींवरून सुटली.

सुटली ती मागे सरकली, मागचं टोक हलकं होऊन वर आलं, आणि केबिनचं छत पुलाच्या तोंडाशी बोटभर वर दिसू लागलं.

“हरकत नाही,” शूर्ड म्हणाला. “सायकली सुटल्या. आता फक्त छत आत जाईपर्यंत मागच्या टोकाला वजन पाहिजे. चालतं-बोलतं. पुलापलीकडे उतरता येईल असं.” त्याने काठावर नजर फिरवली. “माणसं. दहा. जड.”

वाउटर चढला. बेसिनवाला चढला. बाथटबवाले चौघं आपल्या टबाची काळजी म्हणून चढले. रोलोफ्सबाईंना दोघांनी उचलून चढवलं. “मी काही जड नाही,” त्या म्हणाल्या, “पण अध्यक्ष आहे.” आठ झाले, नऊ झाले. छत अजून पुलाला घासत होतं.

शूर्डने पुलावर बघितलं.

“साहेब, तुमचं वजन किती?”

“मी निरीक्षणासाठी आलो आहे,” स्लोटबोमसाहेब म्हणाले.

“इथून जवळून दिसेल.”

साहेबांनी कागद पिशवीत ठेवला. मग त्यांनी सायकलला दोन कुलपं लावली, ती हलवून बघितली आणि खाली उतरले. “एकशे सहा,” ते बोटीवर पाय ठेवताना हळूच म्हणाले.

“देव माणूस,” शूर्ड म्हणाला.

“सगळे आडवे व्हा!” योरीन पुलावरून ओरडली.

आडवं व्हायला जागा उरली नव्हती. फक्त बाथटब रिकामा होता. अशा रीतीने नगरपालिकेचे निरीक्षक लिंडे पुलाखालून गेले ते टबात उताणे पडून, पिशवी छातीवर धरून, नाकापासून वितीभर अंतरावरून सरकणाऱ्या जुन्या विटांकडे बघत. पुलाखाली अंधारात त्यांचा आवाज घुमला, “सांधे भरायला झाले आहेत.” आणि वाउटरचा, “मी करतो.”

वखारीच्या धक्क्याला बोट लागली तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. वाटेत उतरायचं कोणी नावच काढलं नव्हतं; ऊन होतं, आणि रोलोफ्सबाईंना सतरा वर्षांत कोणी बोटीतून फिरवलं नव्हतं. मार्गाने दारातून दहा माणसं, एक टब आणि एक बदक बघितलं आणि आत जाऊन कॉफीचं भांडं दुसऱ्यांदा भरलं.

शूर्डने चार्जरची वायर जोडली. हिरवा दिवा लागला. स्लोटबोमसाहेब टबातून उठले, कोट झटकला आणि कागद पुढे धरून वाचू लागले.

“उशीर, पंचवीस मिनिटं. तळ घासला, एकदा. छत घासलं, दोनदा. मंजुरीपेक्षा जास्त माणसं, नऊ. तरंगण्याची जाकिटं, दोन.”

सायकलवरून पोचलेली योरीन ताठ उभी होती. वडील असते तर या क्षणी त्यांनी काहीतरी बोलून साहेबांना हसवलं असतं. तिला ते जमत नव्हतं. ती म्हणाली, “सगळं खरं आहे.”

“एक प्रश्न आहे. हा राडारोडा बाहेर काढायला किती ट्रक लागले असते?”

“दोन,” शूर्ड म्हणाला. “पण आलेच नसते. सतरा वर्षं आले नाहीत.”

साहेबांनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग पेनाला टोपण लावून ते योरीनला बाजूला घेऊन गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “माझ्या सासूबाई मिलन कालव्यावर राहतात. त्यांच्याकडे एक कारंजं आहे. दगडी. तीन मासे असलेलं. तिकडे कधी जाणार तुम्ही?”

परवानगी शुक्रवारी आली. दोन पानं अटी होत्या, पण पहिल्या ओळीत ‘मंजूर’ होतं. योरीनने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, आणि काही वेळ खिडकीशी उभी राहिली. मार्गाने तेवढा वेळ एकही फोन तिच्याकडे दिला नाही.

फोन मात्र थांबत नव्हते. मंगळवारच्या फेरीसाठी लिंडे कालव्यावरच्या सव्वीस घरांनी राडारोडा न्यायला नावं दिली. मिलन कालव्याने वेगळी यादी पाठवली. गावभर पसरलं, की हेसेलिंकची बोट घरातलं जुनं सगळं घेऊन जाते.

मंगळवारी सकाळी सात वाजता शूर्ड दारात उभा राहिला.

“एक गंमत झालीय,” तो म्हणाला.

“आता काय?”

“बाहेर आणायला अकरा टन आहे. आत न्यायला काय आहे?”

योरीनने मागणीचा कागद बघितला. दोन पोती चुना आणि दाराची एक कडी.

“रिकामी बोट पुलाखालून बाहेर येत नाही,” शूर्ड म्हणाला. “आतही जात नाही. पूल तोच आहे.”

खिडकीबाहेर बोट पाण्यावर उंच, हलकी, तयार उभी होती. योरीन तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या घशातून एक आवाज निघाला, आणि मार्गाने पलीकडच्या खोलीतून डोकं बाहेर काढलं. योरीन हसत होती, टेबलाला धरून, डोळे पुसत. शूर्डला ते बघून बरं वाटलं, पण त्याने तसं दाखवलं नाही.

ती सावरली, पाणी प्यायली आणि तिने रोलोफ्सबाईंना फोन लावला.

“बाई, सुप्रभात. योरीन बोलतेय. सहजच केला. आता अंगण मोकळं झालंय तुमचं, तर मी म्हटलं, मागच्या बाजूने जरा वारा येत असेल, नाही का? आणि मांजरं. विचारात होते, तिथं एक छानशी—”

पलीकडे काठी टेकवल्याचा आवाज आला.

“अगदी बापासारखी बोलायला लागलीस,” रोलोफ्सबाई म्हणाल्या. “सरळ सांग ना, पोरी. मी किती टनांची भिंत बांधू?”